छेदात

फहाहीलमधल्या एका शाळेच्या गच्चीवर आमचं यंत्र आहे.
सकाळी त्यात एक कोरी चकती ठेवायची,
दुसऱ्या सकाळी काढायची.
शाळा भरायची असते अजून,
खाली पहारेकरी नळीनं अंगण धूत असतो.
चकती कधी काजळलेली निघते,
वाळूचं वारं असेल तर मेतकुटाच्या रंगाची.

मग दोन दारं ओढून घेऊन, श्वास आवरून
वजन.
सोनार गुंजा मोजतो, मी त्याच्या कितीतरी खाली.
नंतरच्यातून आधीचं वजा केलं
की उरते ती हवा.

डॉक्टर बदर म्हणतात, वाळवंटाची धूळ वेगळी काढा,
ती पूर्वापार आहे. उरेल ती आपली.
मी काढते वेगळी.
कागदावर निघते.

पुढे गुणाकार.
इतके लोक, इतक्या वर्षांचे, इतका धोका,
आणि उत्तरात एक दशांश चिन्ह.
पॉइंट चार माणूस.
त्याला कुणी आंघोळ घालायची, कुणी खांदा द्यायचा?
नियम सोपा आहे: पाचाच्या खाली असेल तर सोडून द्या.
शेवटी लिहायचं, आकडा अमुकपासून तमुकपर्यंत.
त्या दोन्हींच्या मधल्या फटीत
आमची अख्खी आळी पंगतीला बसेल.

दाऊद परकार खेडचे. शुऐबाला पराती बांधायचे,
लोखंडी नळ्यांच्या, चिमणीच्या गळ्यापर्यंत. बावीस वर्षं.
शुक्रवारी समुद्राकडच्या बाकावर भेटायचे, डब्यात सुके बोंबील,
आणि दर वेळी तोच प्रश्न:
काय गो, आज हवा किती भरली?
मी आकडा सांगायची.
एवढीच? म्हणायचे. मग पुडीत बांधून दे, घरी नेतो.
हसताना खोकायचे. नंतर नंतर
खोकताना मध्येच हसायचे.

इकाम्याच्या तपासणीत फोटोवर डाग आला.
कंपनीनं तिकीट दिलं, खिडकीजवळचं.
माघात गेले, खेडलाच, पहाटे.
दाखल्यावर लिहिलंय: हृदयक्रिया बंद पडून.
कुणाची चालू ठेवून कोण गेलंय?

बातमी आली त्या दुपारी मी माझा तक्ता उघडला.
बावीस वर्षं ते छेदात होते,
इथल्या डोक्यांत धरलेले.
अंशात नाहीत.
अंशात यायला इथंच मरावं लागतं.
आम्ही येतो ते तपासून घेतलेले,
छाती ठोकून, रक्त काढून,
आणि बिघडलो की परत.
म्हणून तर तक्त्यात हे शहर असं दणकट दिसतं,
पस्तिशीचं, दात शाबूत असलेलं.
आणि खेडच्या वहीत शुऐबाची हवा कोण लिहील?
तिथल्या कारकुनानं विचारलं असेल फार तर,
विडी ओढायचे का?

बदरना सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले.
मग म्हणाले, तळटीप घाल.
घातली. दीड ओळ.

रात्री गॅलरीतून ती ज्योत दिसते,
कुणाच्या तरी घरी स्वयंपाक लांबलाय अशी.
मुलगी झोपेत कूस बदलते, मी तिचा श्वास ऐकते,
तो मात्र कधी मोजत नाही.

या हिशेबाला आणखी एक शहर लागतं.
हेच रस्ते, मासळीबाजार हाच, हीच गच्ची,
फक्त चकती गेली तशी कोरी परत येते.
ते कुठंच नाही.
पण त्याच्याशेजारी हे मांडल्याशिवाय
मेलेल्यांचा आकडा निघत नाही.
कामापुरती मी रोज तिथं जाते. तिथला शुक्रवार.
बाकावर परकारचाचा डबा उघडतात,
काय गो, आज हवा किती भरली?
काहीच नाही चाचा, शून्य.
बोंबील मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवतात
आणि म्हणतात,
मग पगार कसला घेतेस?